चाकरमानी, मियाँ आणि लांडोर

(बुरोंडी येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'सोशल मीडियावरची भाषा'. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून मोबाइलवर काय लिहावं आणि काय लिहू नये हे मी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते मी सांगणार नाही. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला शब्दांबद्दल बोलायचं आहे. साधा शब्द शिवी कधी होतो, शिवी साधा शब्द कधी होते, आणि हे ठरवतं कोण, याबद्दल. सुरुवात आपल्या कोकणातल्याच शब्दाने करतो, कारण तो शब्द मलाही लागू आहे. मी चाकरमानी.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सूचना दिली, की सरकारी कामकाजात 'चाकरमानी' म्हणू नका, 'कोकणवासीय' म्हणा. काही कोकणी संघटनांनी तशी मागणी केली होती. चाकर म्हणजे गडी, नोकर. मुंबईला जाऊन कष्टाने घर उभं करणाऱ्या माणसाला असं का म्हणायचं, हा त्यांचा मुद्दा. बातमी आली त्या दिवशी आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, बरं झालं, गुलामीचा शब्द गेला. दुसरा म्हणे, अरे, आमच्या आजोबांना आख्खा गाव चाकरमानी म्हणायचा तो मानाने. त्यांच्या मनीऑर्डरीवर घराची कौलं चढली, मशिदीला रंग लागला, चार पोरं शिकली. त्यांचा शब्द काढून घेणारे तुम्ही कोण?

मला यात एक गोष्ट गमतीची वाटली. दोन्ही बाजू शब्दाचा मूळ अर्थ काढून भांडत होत्या. 'चाकर' फारसी आहे, त्याचा अर्थ सेवक, इथपर्यंत बरोबर. पण मग 'नोकर' शब्दाचं काय करायचं? तो मंगोल भाषेतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि मुळात त्याचा अर्थ होता साथीदार. म्हणजे मूळ अर्थ बघायचा तर नोकर हा चाकरापेक्षा जास्त मानाचा शब्द. आज मुलाला सरकारी नोकरी लागली तर आपण पेढे वाटतो, आणि घरात काम करणाऱ्या माणसाला त्याच्या तोंडावर नोकर म्हटलं तर त्याचा चेहरा पडतो. कायद्यानेसुद्धा तो शब्द टाळला. राज्याने २००८ मध्ये कायदा केला तो 'घरेलू कामगारां'च्या कल्याण मंडळाचा. शब्द एकच, मूळ एकच, पण एका ठिकाणी पेढे आणि दुसऱ्या ठिकाणी अपमान. मूळ अर्थाने काहीच सुटत नाही.

माझं मत विचाराल तर चाकरमानी हा शब्द मला लागत नाही. पण ज्याला लागतो त्याला 'तुला का लागतो' असं विचारायचा अधिकारही मला नाही. मी लॅपटॉप घेऊन एसी बसने येतो. ज्याच्या आजोबांनी लालबागच्या खोलीत पंधरा जणांबरोबर पाळीपाळीने झोपून दिवस काढले आणि ज्यांना गिरणीत मुकादम 'ए कोकण्या' म्हणून हाक मारायचा, त्याच्या घरात या शब्दाची चव वेगळी असू शकते.

आता 'मूळ अर्थ' ही पळवाट आपल्यावर कशी वापरली जाते ते बघू. 'मियाँ' घ्या. मियाँ म्हणजे साहेब, महाशय, मालक. तानसेनला मियाँ तानसेन म्हणत. आजही पुण्याच्या मैफलीत गायक पावसाळ्यात 'मियाँ मल्हार' जाहीर करतो तेव्हा समोरचे लोक माना हलवतात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. आणि तोच शब्द रेल्वेच्या डब्यात, जागेवरून वाद झाल्यावर, 'ए मियाँ, सरक' असा येतो. तुम्ही चिडलात तर समोरचा साळसूदपणे म्हणणार, 'अहो, मियाँ म्हणजे साहेबच की! तुमचाच शब्द!' हा अनुभव इथे बसलेल्यांपैकी किती जणांना आहे? हात वर करा... बरेच आहेत.

या प्रकारावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच उत्तर दिलेलं आहे. तो खटला मुसलमानांचा नव्हता. 'चमार' या शब्दाने एका माणसाला हिणवलं होतं. चमार म्हणजे चामड्याचं काम करणारा, तो तर धंद्याचा शब्द, त्यात अपमान कसला, असा बचाव अशा वेळी नेहमी होतो. न्यायालयाने म्हटलं, की अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा अर्थ लावताना शब्दाची व्युत्पत्ती पाहायची नाही. आज लोक तो कोणत्या अर्थाने वापरतात ते पाहायचं. आज तो हिणवण्यासाठी वापरला जातो, म्हणून तो अपमान. स्वर्णसिंग खटला म्हणून तो निकाल ओळखला जातो. माझ्या मते भाषाशास्त्राच्या वर्गात शिकवावा इतका तो स्पष्ट आहे.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसरा निकाल आला. झारखंडमध्ये चास इथल्या सरकारी कार्यालयातल्या एका उर्दू अनुवादकाची तक्रार होती, की माहिती अधिकारातली कागदपत्रं द्यायला गेल्यावर एका माणसाने त्याला 'मियाँ-तियाँ' आणि 'पाकिस्तानी' म्हणून हिणवलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की हे बोलणं अभिरुचीहीन आहे, पण धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा त्यात होत नाही. तेव्हा आपल्यातले बरेच जण संतापले. चमार म्हटलं तर गुन्हा आणि पाकिस्तानी म्हटलं तर नाही, हा कसला न्याय?

मी वकील नाही. पण दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले तर मला असं दिसतं, की न्यायालयापुढचे प्रश्न वेगळे होते. अ‍ॅट्रॉसिटी कायदा जातीवरून केलेल्या अपमानासाठीच बनवलेला आहे. भारतीय दंड संहितेचं कलम २९८ धर्मभावनेबद्दल होतं. 'पाकिस्तानी' म्हटल्याने त्या अनुवादकाची धर्मभावना दुखावली का? खरं सांगायचं तर नाही. त्याचं नागरिकत्व दुखावलं. त्याला सांगितलं गेलं, की तू या कार्यालयात बसला असलास, सरकारचा कागद माझ्या हातात देत असलास, तरी तू इथला नाहीस. या दुखापतीसाठी आपल्या कायद्यात नीट खणच नाही. प्रत्येक वाईट शब्दासाठी माणसाला तुरुंगात टाकावं या मताचा मी नाही. तो दंडुका शेवटी कुणाच्या पाठीत बसतो ते आपण पाहतोच. पण 'गुन्हा नाही' याचा अर्थ 'अपमान नाही' असा कुणी काढू लागला तर त्याला अडवलं पाहिजे. न्यायालयानेसुद्धा तसं म्हटलेलं नाही. उलट सप्टेंबर २०२४ मध्ये, कर्नाटकातल्या एका न्यायमूर्तींनी बंगळुरूच्या मुस्लिम वस्तीला पाकिस्तान म्हटलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी स्पष्ट सुनावलं होतं, की भारताच्या कुठल्याही भागाला असं म्हणता येणार नाही. आपल्या गल्ल्यांना 'मिनी पाकिस्तान' म्हणणाऱ्यांना हे दाखवत जा.

आसाममध्ये याच 'मिया' शब्दाचं काय झालं तेही माहीत असू द्या. तिथे बंगाली वंशाच्या मुसलमानांना हिणवायला तो वापरतात. २०१६ पासून तिथल्या तरुण कवींनी तो स्वतःच उचलला आणि आपल्या कवितेला 'मिया कविता' म्हटलं. २०१९ मध्ये त्यांच्यातल्या काहींवर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. म्हणजे बघा, हिणवणाऱ्याने म्हटलं तर चालतं, आणि ज्याला हिणवलं त्याने छातीवर लावून मिरवलं तर गुन्हा.

जुन्या मराठीत आपल्यासाठी आणखी काही शब्द होते, त्यांच्याबद्दल मात्र मला राग येत नाही. बखरींत 'अविंध' येतो. अविंध म्हणजे न टोचलेला. हिंदू कान टोचत, मुसलमान टोचत नसत, म्हणून. 'यवन' तर त्याहून मजेचा. तो मुळात आयोनियाच्या ग्रीकांचा शब्द. लोणावळ्याजवळ कार्ल्याची लेणी पाहायला जाल तेव्हा चैत्यगृहातल्या खांबांवर लक्ष द्या. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी धेनुकाकट गावच्या यवनांनी ते खांब दान दिल्याचे लेख तिथे कोरलेले आहेत. तेव्हा यवन म्हणजे लेण्याला खांब देणारा सज्जन. पुढे तो 'परका' झाला, मग 'मुसलमान' झाला, आणि ऐतिहासिक नाटकांत तर दात-ओठ खात म्हणायचा शब्द झाला. आज रस्त्यात कुणी कुणाला यवन म्हणत नाही. शिवी म्हाताऱ्या होतात, त्यांचे दात पडतात. 'मोगलाई', 'अस्मानी-सुलतानी' हे शब्दही तसेच. गावातला हिंदू शेतकरी आणि आमचे आब्बा दोघेही वैतागले की 'इथं काय मोगलाई लागली आहे काय' असंच म्हणायचे. यावर आपण शक्ती घालवू नये.

नवीन, चांगला शब्द दिला म्हणजे काम झालं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक गोष्ट. अकबराने झाडलोट करणाऱ्या सेवकांना 'हलालखोर' असं नाव दिलं. हलालची कमाई खाणारा. याहून मानाचं नाव काय असू शकतं? पण काम तेच राहिलं, वागवणं तेच राहिलं. थोड्याच काळात हलालखोर हे एका अस्पृश्य मानलेल्या जातीचं नाव झालं. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात मैला उचलण्यासाठी जी पट्टी होती तिचं नावच 'हलालखोर कर' होतं. पुढे ते बदलून मलनिःसारण कर झालं. नाव सोन्याचं होतं. ते ज्या डोक्यावर ठेवलं, त्या डोक्यावरची टोपली कुणी काढली नाही.

'हरिजन'चंही तेच. गांधीजींचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण ज्यांना ते नाव दिलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत एका विधेयकात 'हरिजन' शब्द आला तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या आमदारांनी विरोध केला आणि ते सभागृहाबाहेर निघून गेले. उलट 'दलित' बघा. दलित म्हणजे दळलेला, तुडवलेला. मूळ अर्थाने किती वाईट! पण १९७२ मध्ये मुंबईत पोरांनी 'दलित पँथर' काढली आणि तो शब्द ताठ मानेने उभा राहिला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने वाहिन्यांना तो न वापरण्याचा सल्ला दिला, तरी लोक तो वापरतात. आपले कोकणचे सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना त्यांनी २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात जाहीर केलं, की यापुढे कुलींना 'सहायक' म्हणायचं. खेड स्टेशनवर उतरलात तर बघा, कोण कुणाला सहायक म्हणून हाक मारतं.

पण सरकारने बदललेलं प्रत्येक नाव फुकट जातं असंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तो मला योग्य वाटतो. तिथे प्रश्न हाक मारण्याचा नव्हता, पत्त्याचा होता. नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिला की जात कळते. भाड्याने घर शोधताना आपलं नाव सांगितल्यावर जे होतं, ते त्या लोकांना नुसत्या पत्त्यावरून होत होतं.

आता माझ्या कामाकडे येतो. आमच्या क्षेत्रात एक काम असतं: लोक लिहितात त्यातला शिवीगाळीचा मजकूर मशीनने ओळखायचा. ऐकायला सोपं वाटतं. वाईट शब्दांची यादी करा, त्यातला शब्द दिसला की अडवा. मराठीत हे करून बघू. आपल्यासाठी मराठीत जी सगळ्यात घाण शिवी आहे ती तुम्ही ऐकलेली आहे, इथे एकदाच उच्चारतो: लांड्या. लांडा म्हणजे शेपूट तुटलेला, आखूड. सुंतेवरून ते आलं. समजा यादीत 'लांड' ही अक्षरं टाकली, म्हणजे लांड्या, लांडे, सगळी रूपं अडतील. काय अडेल? लांडोर अडेल. लांडगा अडेल. पक्षीनिरीक्षकांचा ग्रुप आणि वनखात्याची बातमी दोन्ही बंद. लांडे आडनावाच्या सज्जन मराठा माणसाला खातंच उघडता येणार नाही. जातीवाचक शिव्या अडवायच्या म्हणून यादीत 'महार' टाकलंत तर अख्खा महाराष्ट्र गेला, आणि सगळे महाराजही गेले. (हसू नका, अशा याद्या बनतात. मराठी न येणारा माणूस बनवतो.)

ठीक आहे, पूर्ण शब्द जुळला तरच अडवा, असं ठरवलं. मग १९४१ साली उभी राहिलेली महार रेजिमेंट अडकते. स्वतःच्या आजोबांची गोष्ट सांगणारा मुलगा अडकतो. आणि खरा शिवी देणारा सुटतो, कारण तो शब्दच वापरत नाही. तो म्हणतो 'शांतिदूत'. तो म्हणतो 'विशिष्ट समाज'. शब्दकोशात शांतिदूत शोधा. याहून सुंदर शब्द सापडणार नाही. आणि एखाद्या दंगलीच्या बातमीखाली 'शांतिदूतांनी काम दाखवलं' असं वाचलं की आपल्याला बरोबर कळतं कुणाबद्दल आहे. हा शब्द शिवी झाला तो गेल्या काही वर्षांत, आपल्या डोळ्यांदेखत. अशा याद्यांत तो सहसा नसतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण 'शहीद'चं. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीचा नियम होता, की तिच्या लेखी धोकादायक असलेल्या माणसाला कुणी शहीद म्हटलं की तो मजकूर काढायचा. मार्च २०२४ मध्ये कंपनीच्याच देखरेख मंडळाने सांगितलं, की बहुधा दुसऱ्या कुठल्याही शब्दापेक्षा या एका शब्दामुळे जास्त मजकूर काढला गेला आहे, आणि ही सरसकट बंदी थांबवा. मंडळाचं म्हणणं होतं, की शहीदला अनेक अर्थ आहेत. बातमीत, चर्चेत, दुःखात तो येतो. आपल्याला हे कुणी सांगायला नको. आपल्याकडे सीमेवर जवान गेला की गावोगाव 'शहीद जवान अमर रहे'चे फलक लागतात, आणि ते लावणाऱ्यांपैकी फार थोडे मुसलमान असतात. करबल्याचा शब्द आज मराठी माणसाच्या देशभक्तीचा शब्द आहे. कॅलिफोर्नियात बसून यादी करणाऱ्याला हे कसं कळणार?

त्याला आपलं बंदरही कळणार नाही. मासळीच्या लिलावाच्या वेळी जाऊन उभे राहा. 'मेल्या, कुठं होतास?' 'रांडेच्या, वजन बघ ना नीट!' मशीनने ऐकलं तर तिला वाटेल इथे खून पडणार आहे. रांड म्हणजे मुळात विधवा, पुढे तो वेश्येचा शब्द झाला, आणि आमच्या बंदरावर चाळीस वर्षांच्या दोस्तीत तो शेवटी कौतुकाचा झाला. पण बाहेरून आलेल्या टेम्पोवाल्याने याच्या निम्म्याने सौम्य शब्द वापरला की भांडण पेटतं. शिवाय एक विचारतो: ज्या बाईचा नवरा बोटीवर गेला आणि परत आला नाही, ती लिलावात टोपली घेऊन उभी असते. तिला तो शब्द कसा ऐकू येत असेल? दोघांनी एकमेकांना प्रेमाने दिलेली शिवी तिसऱ्याच माणसाच्या अंगावर पडते. मित्र म्हणून शिवी देणाऱ्या पोरांनी हे जरा बघावं.

इथवर टाळ्या वाजल्या. आता थोडं आपल्या तोंडाकडे वळतो.

आपल्या घरात 'काफर' शब्द कसा वापरला जातो? माझ्या दादीच्या बोलण्यात तो यायचा, शेजारच्या काकूंबद्दल नाही. त्या काकूंची पोळी आणि दादीचे सांदण सणाला अदलाबदल व्हायचे. तो यायचा दूरच्या, न पाहिलेल्या माणसांबद्दल. अरबीत त्या धातूचा अर्थ झाकणे. कुरआनात सूरह हदीदमध्ये एका ठिकाणी हा शब्द शेतकऱ्यांसाठी आला आहे असं अनेक भाष्यकार सांगतात, कारण शेतकरी बी मातीखाली झाकतो. पण मघाशी मीच म्हटलं, की मूळ अर्थामागे लपायचं नाही. मग इथेही लपायचं नाही.

हा शब्द अरब व्यापाऱ्यांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला, तिथून पोर्तुगीजांनी उचलला, पुढे दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांनी काळ्या माणसाला द्यायची ती सगळ्यात विषारी शिवी झाली. आज तिथे तो शब्द पूर्ण उच्चारतसुद्धा नाहीत. २०१८ मध्ये पोलिसांवर त्या शब्दाचा भडिमार करणाऱ्या एका गोऱ्या बाईला तिथल्या न्यायालयाने तुरुंगवास दिला. केप टाऊनमध्ये आपल्या रत्नागिरी-रायगडातून गेलेल्या कोकणी मुसलमानांची कुटुंबं शंभर वर्षांहून जास्त काळ आहेत. तिथे हिंदी माणसाला गोरे 'कुली' म्हणत; गांधीजी बॅरिस्टर असूनही कुली बॅरिस्टरच होते. आपल्या लोकांना कुली शब्द झोंबायचा. आणि त्याच लोकांपैकी काही जण आफ्रिकन माणसाला त्याच गोऱ्यांचा तो शब्द वापरत. दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे, एक खायचा आणि एक द्यायचा.

२०१९ मध्ये इंडोनेशियात नहदतुल उलमा या संघटनेची मोठी परिषद झाली. कोट्यवधी सभासद असलेली, पारंपरिक उलेमांची ती संघटना आहे, कुणी तिला पाश्चात्त्यांची नक्कल म्हणू शकणार नाही. तिथल्या उलेमांनी ठरवलं, की देशातल्या मुस्लिमेतरांना काफर म्हणू नये. नागरिक म्हणून ते आपल्याबरोबरीचे आहेत, त्यांना 'मुवातिनून', म्हणजे नागरिक म्हणावं. धर्मग्रंथातला शब्द त्यांनी पुसला नाही. शेजाऱ्याला हाक मारताना तो वापरायचा नाही, एवढंच सांगितलं. हे आपल्या जमातीच्या बैठकीत कुणी मांडायचं म्हटलं तर मी त्याच्याबरोबर बसायला तयार आहे.

शेवटचा शब्द इथला. तो उच्चारला की अर्ध्या सभागृहाला अवघडल्यासारखं होईल. दालदी.

१८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये मुसलमानांत मासेमारी करणाऱ्या दालदींची वेगळी नोंद आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी साहेबालाही कुणीतरी आवर्जून सांगितलं होतं, की ते वेगळे आणि आम्ही वेगळे. आज काय आहे? पहाटे बंदरावर पापलेटचा ढीग असतो तेव्हा आपण त्या माणसाला 'नाखवा' म्हणतो. नाखवा म्हणजे गलबताचा धनी. 'नाखवा, जरा आमच्याकडे बघा की', असं लाडीगोडीने म्हणतो. त्याच माणसाच्या मुलाचं स्थळ येतं, मुलगा इंजिनिअर, कुवेतला नोकरी, निर्व्यसनी. आमच्या घरात असं एक स्थळ आलं तेव्हा खालाने सगळं कौतुक केलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, 'पण दालदी आहेत.' माणूस तोच, बोट तीच. पहाटे तो नाखवा असतो आणि संध्याकाळी दालदी होतो.

सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांना हिणवणारी नावं ठेवायला मनाई आहे. जुम्म्याच्या बयानात ती आयत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती ऐकताना आपल्याला आठवतो तो रेल्वेतला 'ए मियाँ, सरक' म्हणणारा. खाला आठवत नाही.

माझा एक मित्र आहे, तीन पिढ्या त्यांच्या घरात बोट आहे. त्याला मी विचारलं, दालदी शब्द बंद व्हावा असं तुला वाटतं का? सरकारी कागदावर 'मच्छीमार' वगैरे काही व्हावं का? तो म्हणाला, 'नाव राहू दे. माझ्या आजोबांचं आहे. फक्त ते घेताना तुम्ही लोक आवाज खाली करता ना, तेवढा करू नका.' दुसऱ्या एका घरात विचारलं तर तिथली मुलगी म्हणाली, तिला हा शब्द कुणी तिच्यासमोर अजिबात काढलेला चालत नाही. दोघांची घरं एकाच पाखाडीत आहेत. मी त्यांच्या बाजूने एकच उत्तर देऊ शकत नाही, आणि ते द्यायचा मला अधिकारही नाही. मित्राशी बोलताना मी शब्द वापरतो, तिच्याशी बोलताना वापरत नाही. गैरसोय होते थोडी. होऊ दे.

त्या स्थळाचं काय झालं, असं कुणीतरी मघापासून खुणेने विचारतंय. मोडलं. मुलगी आमच्या नात्यातली होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

मागच्या टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. चहा घेताना एक काम करा. तुमच्या घरात, वाडीत, कॉलेजात कुणालातरी हिणवायला वापरतात असा एक शब्द लिहा. आपल्याला देतात तो चालेल, आपण देतो तोही चालेल. शब्दापुढे लिहा, कोण कुणाला म्हणतं, आणि तोच शब्द प्रेमाने कुठे वापरतात का. स्वतःचं नाव लिहू नका. आमच्या कामात मराठीसाठी असलं काही नाहीच. ज्या याद्या आहेत त्यात लांडोर अडकते आणि शांतिदूत सुटतो. कागद मुलींच्या बाजूच्या पेटीत टाका, तिकडे गर्दी कमी आहे. पेन कमी पडले तर माझ्याकडे दोन आहेत.